सापगांवची तीन दिवसांची यात्रा

ज्या मुलखांत आपण राहतों त्या मुलखांतील पाहण्यासारखीं स्थळें घरीं पाहुणे आल्यावांचून आपल्या दृष्टीस पडत नाहींत, असा आमचा अनुभव आहे. पुण्याच्या सदाशिव पेठेंत जन्म घालविलेल्या एखाद्या गृहस्थास पर्वतीला पायऱ्या किती असें सहज विचारून पाहावें. तो आपल्याकडेच पाहूं लागतो. सापगांवीं बिऱ्हाड करून आम्हांस आठ वर्षें झालीं. परंतु माहुलीचा डोंगर आम्हांस पाऊस येणार कीं हुलकावणी देणार एवढें सांगण्यापुरताच ठाऊक होता, आणि भातसा नदी म्हणजे कचेरीस जातांना लागणारा पूल, यापलीकडे तिचा आमचा परिचय नव्हता. मे महिन्याच्या आरंभीं आमचे आईवडील तीन दिवस येऊन राहिले, आणि त्यांच्या निमित्तानें आम्हीही आमचा मुलूख पाहून घेतला.

सापगांव कोठें, असें वाचक विचारतील. त्यांत त्यांचा दोष नाहीं. आम्हांस स्वतःसही हें नांव एकट्यानें सांगून भागत नाहीं. शहापूर तालुक्यांत, असें म्हणावें तर ऐकणारा बेळगांवजवळच्या शहापुराकडे धांव घेतो. मग कसाऱ्याच्या वाटेवरील आसनगांव स्टेशनचें नांव काढावें लागतें, तेव्हां कोठें मुंबईकराच्या मुद्रेवर ओळख उमटते. मुंबई-नाशिक रस्ता शहापुराशीं सोडून किन्हवली-मुरबाडच्या वाटेस लागलें, कीं भातसेवरचा पूल येतो. तेंच आमचें गांव. पावसाळ्यांत वरच्या धरणाचे दरवाजे उघडावयाचे असले म्हणजे नदीकांठच्या गांवांस जो इशारा देतात, त्यांत आमच्या गांवाचें नांव वर्तमानपत्रांत येतें. एरवीं येण्याचें कारण पडत नाहीं.

आईवडिलांचें येणें हें नुसतें सुटीचें येणें नव्हतें, हें आरंभींच सांगितलेलें बरें. आमचे वडील, ज्यांस आम्ही अण्णा म्हणतों, ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. आई त्यांहून सहा वर्षांनीं लहान. गिरगांवांतील एका चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत त्यांनीं पन्नास वर्षें संसार केला. आम्हां भावंडांचा जन्म तेथला, मुंजी तेथल्या, बहिणीचें लग्नही गच्चीवर मांडव घालून तेथेंच झालें. ती चाळ आतां धोकादायक ठरली आहे. ती पाडून त्याच जागीं उंच इमारत व्हावयाची, भाडेकरूंस तींत जागा मिळावयाची, आणि ती मिळेपर्यंत तीन-चार वर्षें दरमहा ठराविक रक्कम घेऊन ज्यानें त्यानें आपली सोय पाहावयाची, असा करार झाला. तीन-चार वर्षें हा आंकडा बांधकाम करणाराच्या तोंडीं एक असतो आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या कानीं दुसरा असतो. अण्णांनीं तें कधीं बोलून दाखविलें नाहीं. आम्हीही दाखविलें नाहीं. त्यांचें म्हणणें एवढेंच, कीं तीं वर्षें गिरगांवांतच एखादी भाड्याची खोली घेऊन काढावीं. १८९८ सालीं निघालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचे ते जुने सभासद. पुस्तक बदलणें, भाजी घेणें व परतीच्या वाटेवर चार ओळखीचीं माणसें भेटणें हा त्यांचा संध्याकाळचा नेम. त्यांनीं सापगांवीं येऊन आमच्यांत राहावें, ही आमची इच्छा. दोन वेळां पत्रानें नि अनेक वेळां दूरध्वनीवरून हा विषय निघून मिटला होता.

यंदा पहिल्या मेला शुक्रवार आला, शनिवार-रविवार लागूनच होते. "आमचा मुलूख एकदां पाहून तरी जा" असें आम्हीं लिहिलें. आमच्या सौभाग्यवतींनीं तीन दिवसांचा कार्यक्रम आंखला, आणि आमच्या नऊ वर्षांच्या कन्येनें तो रंगीत खडूंनीं लिहून भिंतीस डकविला. गुरुवारीं रात्रीं मंडळी आलीं. पानावर बसतां बसतां अण्णांनीं एकदां भिंतीकडे पाहिलें, एकदां वाटींतल्या आमरसाकडे पाहिलें आणि म्हणाले, "आमरस, कुरडया, आणि वर छापील कार्यक्रम! एवढी बडदास्त व्याह्यांची ठेवतात. काय मागावयाचें असेल तें तिसऱ्या दिवशीं मागा. तोंवर मला जेवूं द्या."

येथें काय वगळलें हेंही सांगावेंसें वाटतें, कारण वगळलेलें पाहिलेल्याहून थोर होतें. मुरबाडकडून माळशेज घाटास रस्ता जातो. पण माळशेज पाहावा तो श्रावणांत, ढग अंगावर घेत. मे महिन्यांत तेथें नुसता कातळ तापतो. नाणेघाट तर आमच्या मनांतून फार होता. सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख ज्या लेण्यांत कोरला आहे, ज्यांत यज्ञांच्या दक्षिणेचे आंकडे ब्राह्मी अंकांत लिहिलेले आढळतात, तो आमच्या शेजारच्या तालुक्याच्या माथ्यावर आहे, ही आमच्या अभिमानाची गोष्ट. परंतु मुरबाडच्या बाजूनें तेथें जाणें म्हणजे वैशाखऱ्याकडून अंगावरची चढण चढणें. आईच्या गुडघ्यांनीं तो बेत ऐकतांच नापसंत केला. म्हसोबाची म्हशाची जत्राही पौषी पौर्णिमेची. बैल आणि घोंगड्या यांखेरीज अण्णांस तेथें काय आवडलें असतें, हा प्रश्नच आहे.

पहिल्या दिवशीं अंबरनाथ. ओळखीच्या एका गाडीवाल्याची मोटार तिन्ही दिवस ठरविली होती. हा तरुण शहापूर तालुक्यांतलाच, बोलका, आणि रस्त्यांतील प्रत्येक खड्ड्याशीं घरोबा असलेला. अंबरनाथचें शिवमंदिर शके ९८२ चें, म्हणजे इसवी सन १०६० चें, असें तेथल्या शिलालेखावरून ठरलें आहे. शिलाहारांपैकीं मम्वाणि राजाचें नांव त्यांत आहे. बाहेरच्या भिंतीवर हात टेंकण्यापुरतीही कोरी जागा नाहीं. गाभारा मंडपाच्या पातळीहून बराच खोल आहे. पायऱ्या उतरून खालीं जावें लागतें, आणि वर पाहावें तों शिखर उघडें, डोक्यावर आकाश. आई मंडपांतच बसली. "देवाला ठाऊक आहे मी आलें आहें तें," ती म्हणाली. अण्णा मात्र काठी टेंकीत उतरले. वर आल्यावर बाहेर उभे राहून त्यांनीं सबंध देऊळ खालपासून वरपर्यंत पाहिलें आणि उद्गारले, "साडेनऊशें वर्षांवर झालीं, अजून उभें आहे. आणि आमची नव्वद वर्षांची चाळ धोकादायक!" त्यावर कन्येनें सांगितलें, "आजोबा, ह्या देवळाला तिसरा मजला नाहीं." उत्तर बिनतोड होतें, आणि अण्णांस बिनतोड उत्तर आवडतें, पण त्या वेळीं आवडलेंसें दिसलें नाहीं.

देवळाच्या अगदीं कडेनें वालधुनी वाहते. ती नदी आहे हें कोणीं सांगावें लागतें. कारखान्यांच्या सांडपाण्यानें तिचें पाणी काळें पडलें आहे, आणि दर्प असा कीं दर्शनास येणाऱ्या बायका पदर नाकाशीं धरितात. आईनें विचारलें, "ही नदी?" आम्हीं होय म्हटलें. ती कांहीं बोलली नाहीं. पण घरीं येईपर्यंत दोनदां तिचें नांव तिनें आम्हांस पुन्हां विचारलें. परततांना टिटवाळ्यास महागणपतीचें दर्शन घेतलें. त्या स्थळाविषयीं ह्या मासिकाच्या वाचकांस नवीन काय सांगावें? सुटीचा दिवस, रांग लांब, नारळ महाग.

दुसरा दिवस माहुलीचा. ठाणें जिल्ह्यांतील उंच गडांपैकीं हा एक. उंची सुमारें २,८०० फूट. माहुली, भंडारगड आणि पळसगड असे तीन गड मिळून हा एक डोंगर झाला आहे, आणि त्याचे सुळके आमच्या ओट्यावरून रोज दिसतात. वर जाण्याचा प्रश्नच नव्हता. पायथ्याच्या गांवांत देवळाजवळ झाडांच्या सावलींत सतरंजी पसरली, करवंदांचे द्रोण मांडले, आणि अण्णांनीं नातीस गडाचा इतिहास सांगावयास घेतला. इतिहास सांगतांना अण्णांचा आवाज एक पट्टी वर चढतो. लहानपणीं आम्ही त्या आवाजाला भीत असूं. आतां तो मधूनच चिरकतो, आणि तो चिरकला कीं आई पाण्याचा पेला पुढें करते.

"निजामशाही बुडत होती," अण्णा सांगत होते. "शहाजीराजांनीं निजामशहाच्या वंशांतलें एक पोर गादीवर बसविलें आणि तीन वर्षें त्याच्या नांवानें राज्य चालविलें. समोर कोण? शहाजहान बादशहा, आणि त्याला मिळालेला विजापूरचा आदिलशहा. एकेक किल्ला गेला. शेवटीं राजे ह्या माहुलीवर आले. जिजाऊसाहेब आणि बाळ शिवाजी यांनाही बरोबर आणलें होतें, असें सांगतात. खालून वेढा पडला. फिरंग्यांकडे मदत मागितली, ती मिळाली नाहीं. सन १६३६. राजांनीं गड दिला, तें पोर मोंगलांच्या हवालीं केलें आणि आपण विजापूरकरांच्या चाकरींत गेले."

"शिवाजी केवढे होते?"

"सहा वर्षांचे."

"मग ते कोठें राहायला गेले?"

"पुण्यास. पण पुणें तेव्हां उद्ध्वस्त झालेलें होतें. घर नाहीं, दार नाहीं. तेथें वाडा बांधावा लागला, लाल महाल."

"म्हणजे तुमच्यासारखेंच," कन्या म्हणाली. "वाडा बांधून होईपर्यंत ते कोणाकडे राहिले?"

हें तिला कोणीं पढविलेलें नव्हतें. आमच्या सौभाग्यवतींनीं करवंदांतले देंठ काढण्यांत एकदम मन घातलें. अण्णांनीं थोडा वेळ गडाकडे पाहिलें, आणि मग १६६५ चा पुरंदरचा तह, त्यांत मोंगलांस दिलेल्या तेवीस किल्ल्यांतील माहुली, १६७० च्या फेब्रुवारींतील फसलेला हल्ला व त्याच सालच्या जूनमध्यें गड परत आलेला, हें सारें एका दमांत सांगून टाकलें. कोणाकडे राहिले, ह्याचें उत्तर त्यांनीं दिलें नाहीं.

त्याच दिवशीं उन्हें उतरल्यावर मंडळी नदीवर नेली. खरें सांगावयाचें तर ही जागा कार्यक्रमांत नव्हती. मे महिन्यांत आमच्या भागांतले ओढे कोरडे पडतात. ओढ्यांच्या पात्रांत गोटे आणि वाळलेलीं पानें तेवढीं असतात. भातसा मात्र वाहत होती, गुडघाभर, स्वच्छ, आणि चांगल्या ओढीची. अण्णा पाण्यांत पाय सोडून खडकावर बसले आणि म्हणाले, "ह्या दिवसांत इतकें पाणी कसें?"

आम्हीं सांगितलें, हें पाणी नदीचें नव्हे, तुमचें आहे.

ह्यासंबंधीं वाचकांस थोडें खुलासेवार सांगणें जरूर आहे. कारण स्वतः अण्णांस, ज्यांनीं जन्मभर वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचलें, त्यांसही तें ठाऊक नव्हतें. मुंबईस सात तलावांचें पाणी मिळतें. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा. हे दोन मुंबईच्याच हद्दींत. बाकीचे पांच, तानसा, मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा, हे ठाणें, पालघर व नाशिक ह्या जिल्ह्यांत. त्यांतील तानसा आणि भातसा हीं दोन आमच्या शहापूर तालुक्यांतलीं. तानसा १८९२ चा. तेव्हांपासून आमच्या डोंगरांवरचा पाऊस नळांनीं मुंबईस जाऊं लागला. भातसेचें धरण पुष्कळ अलीकडचें, परंतु सर्वांत मोठें तेंच. मुंबई दिवसाकाठीं जें सुमारें ४०० कोटी लिटर पाणी वापरते त्यांतलें जवळजवळ निम्में त्यांतून येतें. आणि मौज अशी, कीं धरणापासून पिसें येथील बंधाऱ्यापर्यंत त्यास नळ नाहीं. तेथवर ही नदी हाच नळ. धरणांतून पाणी नदींत सोडावयाचें, तें आमच्या पुलाखालून वाहत पिशास जावयाचें, तेथें यंत्रांनीं उचलून पांजरापुरास शुद्ध करावयाचें, आणि मग मोठमोठ्या नळांवाटे मुंबईस. म्हणून उन्हाळ्यांत बाकीच्या नद्या आटल्या तरी आमची नदी आटत नाहीं. शहराला तहान आहे तोंवर तिला वाहणें भाग आहे.

अण्णांची एक लकब आहे. सकाळीं अंगावर पहिला तांब्या घेतांना ते सात नद्यांचीं नांवें घेतात, आणि चहाच्या वेळीं वर्तमानपत्रांतून सात तलावांचीं. कोणत्या तलावांत किती पाणी, गेल्या सालीं ह्याच दिवशीं किती. आम्हीं लहानपणापासून हीं दोन्ही स्तोत्रें एकापाठोपाठ ऐकलीं आहेत. "भातसा!" ते पाण्याकडे पाहत म्हणाले. "रोज नांव घेतों. पाहिली आज." आईचें लक्ष वरच्या अंगास डुंबणाऱ्या म्हशींकडे होतें. "म्हणजे हें ह्यांचें डुंबून उरलेलें पाणी आम्ही गाळणें लावून पितों होय?" शुद्धीकरणाची सर्व क्रिया आम्हीं पुन्हां सांगितली. तिचें समाधान झाल्यासारखें दिसलें नाहीं, परंतु तिनें पदर खोंचला, पाण्यांत उतरली आणि चूळ भरली.

आईच्या संसाराची अर्धी कथा नळाची कथा आहे. चाळींत पाणी पहांटे चारला येई आणि साडेपांचला जाई. तिसऱ्या मजल्यावर तर त्याची धार करंगळीएवढी. त्या दीड तासांत पिंप, दोन हंडे, कळशी, बादल्या आणि शेवटीं वाट्यासुद्धां भरून घ्यावयाच्या. आम्हीं आईला पहांटे निजलेली पाहिल्याचें आठवत नाहीं. ताप असो, सोंवळें-ओंवळें असो, घरीं लग्न असो, चार वाजले कीं ती उठे. आमच्या घरीं तीन दिवस ती चारलाच उठत होती, आणि करावयास कांहीं नाहीं म्हणून ओट्यावर बसून राहत होती.

तिसऱ्या दिवशीं धरण. भातसा आणि चोरणा ह्या दोन नद्या अडवून हें बांधलें आहे. भिंतीची उंची जवळजवळ २९० फूट, म्हणजे गिरगांवांतील आमच्या चाळी एकीवर एक रचिल्या तरी बराच वेळ लागेल. अशा जागीं पहारा असतो, म्हणून दुरूनच पाहावें लागलें. उन्हाळ्यामुळें पाणी पुष्कळ खालीं गेलें होतें आणि कांठाभोंवतीं तांबड्या मातीचा रुंद पट्टा उघडा पडला होता. आमचा गाडीवाला बोटानें दाखवूं लागला, "त्या टेकाडाच्या अलीकडं बघा. माझ्या आज्याचं घर तिथं होतं."

"आतां?" अण्णांनीं विचारलें.

"आता काय, पाण्याखाली. आजा सांगायचा, दारात फणस होता. घर गेल्याचं नाही एवढं, फणसाचं बोलायचा."

अण्णांनीं खिशांतून रुमाल काढून चष्मा पुसला, पुन्हां लावला, आणि तो तरुण दाखवीत होता तिकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "तुझा आजा मग कोठें राहिला?" तो म्हणाला, "चुलत्यांकडं. मग आमच्याकडं. आमच्याकडंच गेला." ह्यानंतर मोटारींत कोणी फारसें बोललें नाहीं.

परतीची वाट आडरस्त्यानें एका पाड्यावरून होती. तेथें विहिरीभोंवतीं बायकांची ही गर्दी, आणि टँकरची नळी विहिरींत सोडलेली. आमच्या तालुक्यांत उन्हाळ्यांत कित्येक गांवांस व पाड्यांस टँकरनें पाणी पुरवावें लागतें. तें विहिरींत ओततात आणि मग ज्यानें त्यानें पोहरा टाकून ओढून घ्यावयाचें. तानसेचा नळ निघाल्यास सव्वाशें वर्षांवर होऊन गेलीं, तरी त्या उगमाच्या तालुक्यांत हें चालू आहे. आम्ही हें दर सालीं वाचतों, आणि रस्त्यानें जातांना पाहतोंही. परंतु काच खालीं करून पाहण्याची आम्हांस संवय नाहीं. आईनें मोटार थांबवावयास सांगितली आणि आम्ही उतरण्याच्या आंत ती उतरली.

तिच्याच वयाची एक बाई हंडा भरून काठावर टेंकली होती. आईनें तिला विचारलें, "पाणी कधीं येतें हो इथें?"

"टँकर आला तं येतं. नाय आला तं नाय."

"मग नाहीं आला म्हणजे?"

"मग रातचं झिऱ्यावर बसायचं, बाय. वाटीवाटीनं हंडा भरायचा."

"मीही पन्नास वर्षें चार वाजतां उठलें," आई म्हणाली.

"मंबईला? तिथं पानी नाय?"

"येतें," आई म्हणाली. "इकडूनच येतें."

त्या बाईला तें कळलें कीं नाहीं, सांगतां येत नाहीं. कळलेंही असेल, कारण त्या भागांत नळ कोठून कोठें जातो हें पोरासोरांसही ठाऊक असतें. तिनें हंड्यांतून तांब्या भरला आणि आईपुढें धरला. आईनें हात पुढें केला, मागें घेतला. आमच्या घरीं शिवाशिवीचा आग्रह आजीबरोबरच गेला, तेव्हां संकोच त्याचा नव्हता. दहा लोकांच्या रांगेंतून ओढलेलें पाणी होतें तें. "प्या, प्या," ती बाई म्हणाली, "उनाची आलाव." आईनें तांब्या घेतला, दोन घोट प्याली आणि उरलेलें पुन्हां हंड्यांत ओतूं लागली, तेव्हां तिनें आईचा हात धरिला. उष्टें म्हणून नव्हे. पाहुणीनें पोटभर प्यावें म्हणून. आईनें तो तांब्या उभ्यानें संपविला. आमच्या टोपलींतले रायवळ आंबे तिनें त्या बाईच्या ओट्यांत घातले, आणि मोटारींत येऊन बसली.

दुपारीं जेवणें झालीं. अण्णांनीं स्वतःच विषय काढला. "तिसरा दिवस झाला. मागा काय मागावयाचें तें." आम्हीं घसा साफ केला. आमच्या मनांत एक भाषण तयार होतें. त्यांत हवा होती, शांतता होती, नातीचा अभ्यास होता, डोंबिवलीच्या बहिणीस इकडे येणें किती सोईचें तें होतें, आणि तीन दिवसांत दाखविलेल्या सर्व स्थळांचा उल्लेख होता. तें सुरू होण्यापूर्वींच आई म्हणाली, "मी इकडे येणार. ह्यांना गिरगांवांत खोली घ्यावयाची असेल तर खुशाल घेऊं द्या. डब्याची सोय होईल कोठें तरी."

अण्णा थक्क झाले. "मला विचारल्यावांचून?"

"विचारून काय करावयाचें? ह्या घराला जिना नाहीं."

अंबरनाथचें देऊळ नाहीं, शहाजीराजांचा गड नाहीं, धरण नाहीं. पन्नास वर्षें दिवसांतून चार वेळां चढलेला तो जिना तिनें आजवर कधीं बोलून दाखविला नव्हता. आमच्या भाषणांतही त्याचा उल्लेख नव्हता. अण्णांनीं पानसुपारीचा डबा उघडला, मिटला, पुन्हां उघडला. मग अटी घालावयास आरंभ झाला, आणि तेव्हां आमच्या सौभाग्यवतींनीं आमच्याकडे पाहून हलकेंच मान हालविली. कारण अटी घालणारा मनुष्य यावयास निघालेला असतो. गणपतीचे दहा दिवस ते गिरगांवांतच राहतील, मग तेथें कोणाच्याही घरीं सतरंजी टाकावी लागो. ग्रंथसंग्रहालयाची वर्गणी चालू राहील व पंधरवड्यास एकदां पुस्तक बदलण्यास ते स्वतः जातील. आसनगांवाहून सुटणाऱ्या गाड्यांचें वेळापत्रक भिंतीवरच्या त्या कार्यक्रमाच्या जागीं लावावें. आणि नवी इमारत पुरी होतांच, एक दिवस न दवडितां, परत. आम्हीं सर्व अटी मान्य केल्या. शेवटच्या अटीवर आईनें अण्णांकडे पाहिलें, आणि ती पाण्याचा पेला आणावयास आंत गेली.

संध्याकाळीं मंडळींस आसनगांवीं गाडींत बसवून दिलें. त्यानंतर आठ दिवसांनीं अण्णांचें पत्र आलें. पत्र म्हणजे यादी होती. दक्षिणेकडची खोली किती फूट लांब व किती रुंद तें मोजून कळवावें, कारण शिसवी कपाट सहा फूट तीन इंच आहे. देव्हारा पूर्वेस तोंड करून बसेल ना. पुस्तकांस वाळवी लागते काय. यादींत देव्हारा, कपाट, शिवणाचें यंत्र, पाटा-वरवंटा, असें करीत तेराव्या आंकड्यावर पाण्याचें पिंप होतें.

आम्हीं दूरध्वनीवरून आईस सांगितलें, कीं येथें अंगणांत बोअर आहे, माथ्यावर टाकी आहे, केव्हांही तोटी सोडावी. पिंपाला जागाही नाहीं आणि कामही नाहीं. तिनें सर्व ऐकून घेतलें. नंतर विचारलें, "पिंप स्वयंपाकघराच्या दाराशीं राहील, कीं मोरीजवळ?" मोरीजवळ राहील, असें आम्हीं सांगितलें.